दारापासून खिडकीपर्यंत

“उठू नका आजी, बसा तशाच. मी इथं आहे असं समजूच नका,” मिस्त्री म्हणाला आणि दाराशी आपलं तीन पायांचं स्टूल टाकून बसला.

आजी उठणार नव्हत्याच. त्यांनी पाय पोटाशी आणखी जवळ घेतले, अंगावरची शाल सारखी केली आणि खाटेच्या कोपऱ्यात होत्या त्याहून लहान झाल्या.

“हे असेच बसून राहणार दिवसभर?” सुनेनं नवऱ्याला हळूच विचारलं, पण दोन खोल्यांच्या घरात हळूच असं काही नसतं.

“बसणार ताई,” मिस्त्रीनंच उत्तर दिलं. “तुम्ही तुमचं चालू द्या. भांडायचं असलं तरी भांडा. मला फक्त पाय बघायचेत.”

धाकटी नात खुदकन हसली आणि मुद्दाम पाय आपटत गेली. मिस्त्रीनं वाकून तिच्या पावलाशी खडूची रेघ ओढली.

ही त्याची रीत होती. काम घेण्याआधी एक अख्खा दिवस तो त्या घरात बसायचा, आणि जिथं पाऊल पडेल तिथं रेघ मारायचा. दिवस सुटीचाच धरायचा, म्हणजे घरातले सगळे पाय एकाच दिवशी दिसतात. संध्याकाळपर्यंत फरशी अशी दिसायची, जशी चिमण्यांची सभा भरून उठली. मग तो उभा राहायचा आणि म्हणायचा, “जिथं रेघ नाही ती जागा माझी.” तिथं तो कपाट उभं करी, बाक बसवी, पलंग भिंतीत मिटवी. आत उघडणारं दार अर्धी खोली खातं म्हणून ते काढून सरकतं करी. सामानाला पाय लावी, म्हणजे खालून फरशी दिसते आणि नजर अडत नाही. खिडकीसमोर आरसा, भिंतीला आणि छताला एकच फिका रंग. भिंत तसूभर न हलवता तो घर वाढवी. लोक त्याला जागामिस्त्री म्हणत. तीस वर्षं झाली होती, कुणी त्याला चुकलास म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं फरशी वाचली. सुनेच्या रेघा ओट्याभोवती घाण्याच्या बैलासारख्या फिरल्या होत्या. मुलगा छापखान्यात दिवसभर उभा असायचा, त्यामुळे त्याच्या रेघा दारापासून खुर्चीपर्यंत जाऊन संपल्या होत्या. नातींच्या सगळीकडे. फक्त एका बाजूला, दारापासून खिडकीपर्यंत साडेनऊ फूट लांब भिंतीच्या कडेनं, एकही रेघ नव्हती.

“ही पट्टी रिकामीच असते?”

“असते खरी,” सून म्हणाली. “तिथं काही ठेवलं की आई उचलून दुसरीकडे ठेवतात. सवयच आहे त्यांना.”

“आजींच्या रेघा कुठं दिसत नाहीत.”

“माझ्या कसल्या रेघा आल्यात!” आजी हसल्या. “मी आपली कोपऱ्यातली पिशवी. टांगाल तिथं टांगा.”

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, आणि वहीत त्या भिंतीपुढे त्यानं लिहिलं : लांब कपाट, छतापर्यंत, बावीस इंच खोल.

महिनाभरात काम उरकलं. नातींना एकेक टेबल मिळालं, वापरून झालं की भिंतीला चिकटणारं. नवरा-बायकोला पंधरा वर्षांत पहिल्यांदा पलंग मिळाला. आजींची खाट जाऊन आतल्या कोपऱ्यात खणांचा बैठा दिवाण आला. शेवटच्या दिवशी सून खोलीच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून गर्रकन फिरली. “बघा! हात कुठंच लागत नाही!” रुग्णालयातल्या चादरी मोजून मोजून वाकलेली बाई, त्या क्षणी शाळकरी दिसली.

“आजी, आरसा असा लावलाय की बसल्याजागी आभाळ दिसेल तुम्हाला.”

“दिसतं हो,” आजी म्हणाल्या. “छान झालं.”

सात महिन्यांनी सुनेचा निरोप आला, कपाटाचं दार अडकतंय. मिस्त्री गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. घरात आजी एकट्याच.

“दार लोटलेलंच आहे, या. मला उठवत नाही, माफ करा हं.”

दिवाणावर त्या बसल्या होत्या. पावलं सुजलेली, पोटऱ्या मात्र काडीसारख्या. मिस्त्रीला वाटलं, वय.

दाराची चाकं बघायची म्हणून त्यानं कपाटातले कपडे बाहेर काढले. जागा वाचावी म्हणून या कपाटाला त्यानं पाठ लावलीच नव्हती; मागं सरळ जुनी भिंत होती, बिनरंगाची. कपडे निघाले तशी ती उघडी पडली. कमरेच्या उंचीवर, दाराकडून खिडकीकडे, एक काळसर, गुळगुळीत पट्टा गेला होता; कपाट बसवण्याच्या घाईत तेव्हा त्याच्या नजरेत तो भरला नव्हता. चार बोटं रुंद. हातानं चोळून चोळून जुन्या कठड्याला येते तशी चकाकी होती त्याला.

“ओल आली की काय इथं?”

मिस्त्रीनं वळून बघितलं, तर त्या चोरी पकडल्यासारख्या बसलेल्या.

“ओल नाही ती. माझा हात आहे.” मग घाईनं म्हणाल्या, “फार घाण झाली होती भिंत. झाकलीत ते बरंच केलंत.”

“तुमचा हात?”

“सगळे आपापल्या कामाला गेले की मी चालायची. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीशी जरा टेकायचं, खालचा रस्ता बघायचा, परत. सकाळी वीस, दुपारी वीस. कमरेचं हाड मोडलं होतं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आजी, बसलात की बसलात.”

“एकट्याच?”

“एकटी कशी? तोंडी एखादी ओवी असायची.” आणि त्यांनी न गाता, नुसतं पुटपुटल्यासारखं म्हटलं,

“पाय माझे गं दोघे, जशा सख्ख्या जावा,
एक थकली की दुजीनं, हात तिला द्यावा.”

त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. “आता दोघींचं बोलणं बंद आहे.”

मिस्त्रीनं पेचकस खाली ठेवला. “मग त्या दिवशी का नाही चाललात? मी सकाळपासून बसलो होतो, आजी! बघायलाच बसलो होतो!”

“घरात परका माणूस बसलाय आणि मी वेड्यासारखी भिंतीला धरून येरझाऱ्या घालू? त्यातून सुटीचा दिवस. चार माणसं इकडून तिकडं करताहेत, त्यात माझी लुडबुड कशाला?”

“नंतर तरी सांगायचंत.”

“काय सांगू? पोरगी कशी फिरली हात पसरून, बघितलंत ना तुम्ही? तिला म्हणू, माझी भिंत दे?” त्या आरशाकडे बघत राहिल्या. “आभाळ दिसतं हो. रोज दिसतं. रस्ता तेवढा दिसत नाही त्यात.”

चाकं बदलून मिस्त्री घरी गेला. जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

“काय झालं?” बायकोनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती ऐकत भांडी आवरत होती.

“पाहुणे म्हणून बसला होतात ना तुम्ही?” ती म्हणाली. “पाहुण्यासमोर म्हातारं माणूस उठतं का कधी?”

“मी म्हणालो होतो त्यांना, मी नाही असंच समजा.”

“वा! असं म्हटल्यानं माणूस नाहीसा होतो होय?” मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, “तुमची आई तुम्ही घरात असलात की माझ्याकडे चहासुद्धा मागायची नाही. तुम्ही गेलात की मग म्हणायची, जरा टाकतेस का गं.”

मिस्त्रीला हे ठाऊक नव्हतं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या डोळ्यांसमोर तीस वर्षांची घरं उभी राहू लागली, आणि प्रत्येक घरात एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन कुणीतरी गप्प बसलेलं. त्यानं ताट सारलं.

सुटीच्या दिवशी तो हत्यारं घेऊन दाराशी उभा राहिला.

“कपाट कापायचंय,” तो म्हणाला.

सुनेला आधी थट्टा वाटली. मग कळलं, तशी ती उसळली. “मिस्त्री, तुम्हीच रेघा मारल्यात. तुम्हीच म्हणालात, रेघ नाही ती जागा माझी. आमचा सगळा संसार त्या कपाटात आहे. आता कपडे काय डोक्यावर ठेवू? पोरींची परीक्षा आहे. नाही, हात लावायचा नाही.”

“चूक माझी आहे, ताई.”

“कसली चूक?”

मिस्त्रीनं एका कप्प्यातले कपडे बाजूला सारले आणि भिंतीवरचा पट्टा दाखवला. सांगताना तो आजींकडे बघू शकला नाही. आजी म्हणत होत्या, “काही नाही गं, उगाच, मिस्त्री काहीही सांगतात.” मुलगा खुर्चीवरून उठला, पट्ट्यापाशी गेला, आणि त्यावर आपला तळवा ठेवून उभा राहिला.

सून सासूसमोर गुडघ्यांवर बसली. “सात महिने मी म्हणतेय, आई, उठा जरा, पाय हलवा. तुम्ही म्हणता, वय झालं गं आता. मला सांगायचं नाही? इतकी वाईट आहे का मी?”

“वाईट असतीस तर सांगितलं असतं,” आजी म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्या पायावरची शाल उगाचच नीट केली. मग उठली, कपाटाशी गेली आणि कवेत मावतील तेवढे कपडे काढून पलंगावर टाकले. परत गेली, परत काढले. थोरली नात न सांगता तिच्या शेजारी उभी राहिली.

दोन सुट्या लागल्या. बावीस इंचाचं कपाट मिस्त्रीनं बारा इंचांवर आणलं. कपडे आता आडवे लटकणार नव्हते, समोरून एकामागे एक अडकवायचे होते. उरलेले निम्मे पलंगाखाली गेले, नातींचं एक टेबल काढावं लागलं. घर पुन्हा थोडं दाटलं. पण दारापासून खिडकीपर्यंत एका माणसाची वाट मोकळी झाली. कपाटाच्या अंगानं त्यानं कमरेच्या उंचीवर एक गोल दांडा बसवला. तो तासला, घासला, पुन्हा घासला. आपल्या गालावरून फिरवून पाहिला आणि आणखी एकदा घासला.

“चला आई,” मुलगा म्हणाला.

एका बाजूनं तो, एका बाजूनं सून. आजींनी दांडा धरला. चेहऱ्यावर नव्या नवरीसारखी लाज आली. त्या उभ्या राहिल्या. उजवं पाऊल उचललं गेलं आणि पुढं पडलं.

डावं उचललंच नाही.

“थांबा, घाई नाही,” सून म्हणाली. “पुन्हा.”

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी मुलानं त्यांना जवळजवळ उचलूनच दिवाणावर बसवलं. आजी धापा टाकत होत्या. कपाळावर घामाचे थेंब होते.

“राहू दे रे आता,” त्या म्हणाल्या. “उशीर झाला जरासा.”

सून आत निघून गेली. आतून नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला, भांडं वाजलं नाही. मुलगा दाराबाहेर जिन्यात जाऊन बसला. मिस्त्रीनं भुसा गोळा करायला घेतला. तो एकाच जागी झाडत होता, जिथं कधीचंच काही उरलं नव्हतं.

“मिस्त्री,” आजींनी हाक मारली. “तुम्ही चाला बघू.”

“मी?”

“हं. दारापासून धरा.”

त्यानं झाडू ठेवला. दाराशी गेला. दांड्यावर हात ठेवून निघाला.

“अहो, बस पकडायची नाहीये. हळू. दोन्ही पाय एका फरशीवर आले की मग पुढची फरशी.”

तो हळू झाला. एक फरशी, मग दुसरी. मागून आजींचा आवाज येत होता, अगदी बारीक, चालीला चाल लावून :

“एक पाऊल लेकाला, एक पाऊल सुनेला,
उरलेली वाट माझी, उन्हाच्या खिडकीला.”

आत नळ बंद झाला होता. मिस्त्री खिडकीशी पोचला.

“टेका जरा,” आजी म्हणाल्या. “कोपर टेका. काय दिसतंय?”

“रस्ता.”

“ते माहितीये मला. रस्त्यावर काय?”

मिस्त्रीनं नीट पाहिलं. “एक बाई चाललीय, दोन हातांत दोन पिशव्या. चपलांच्या दुकानाची फळी उघडतोय एक जण. कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी तोडलीय.”

“कुठली? तारेकडची?”

“तारेकडची.”

“तोडलीच शेवटी,” आजी म्हणाल्या.

मिस्त्री वाट बघत राहिला. खाली बस आली, चार माणसं उतरली, बस गेली.

“वळू का, आजी?”

“एवढ्यात नको. मला तिथं जरा वेळ लागायचा.”

तो तसाच कोपर टेकून उभा राहिला, केसांत भुसा, रस्त्याकडे तोंड करून.