पोस्टरवर उरलेली ओळ

चाकणच्या बाजूला सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर म्हणून मी एकवीस वर्षं काढली. माणसांचे चेहरे विसरले, बोटं विसरले नाही. प्रेस मशिनखाली गेलेलं बोट चेंदामेंदा होऊन येतं, कटरमध्ये गेलेलं स्वच्छ तुटतं. असं स्वच्छ तुटलेलं बोट पुण्याच्या मोठ्या इस्पितळात जोडता येतं. फक्त ते नीट आणलं पाहिजे, आणि नीट कोणी म्हणजे कोणी आणत नाही. कोणी घामाच्या रुमालात आणतं, कोणी पाण्याच्या बाटलीत बुडवून. सगळ्यात शहाणे रसवंतीवरून बर्फ आणून त्यातच खुपसतात. बोटाला बर्फ थेट लागला की मांस मरतं, मग पुण्याचे डॉक्टरही हात टेकतात.

हे मला ठाऊक होतं, पण मला विचारतंय कोण? मी ओरडायचे, आणणारा मान खाली घालायचा, तेवढ्यावर विषय संपायचा.

मग मैत्री आली. पिंपरीची मुलगी, पीएचडी करणारी. तिच्या वडिलांची दोन बोटं कंपनीत गेली होती, म्हणून तिने हाच विषय घेतला होता. आठ महिने ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली. बोट कशात आणलं, किती वेळात आणलं, पुढे जोडलं गेलं का, सगळं लिहून घेतलं. एकशे बारा जखमींपैकी बोट नीट आणणारे फक्त तिघे निघाले.

"ताई, तुम्ही जे ओरडता ना, तेच शास्त्र आहे. फक्त ते अपघाताच्या आधी पोचायला हवं," ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

आम्ही दोघींनी मिळून कारखान्यांच्या भिंतींवर लावायच्या पोस्टरसाठी चार ओळी केल्या. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला बर्फ लागू देऊ नका. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं होतं.

पोस्टर छापणाऱ्या आरोग्य कचेरीतल्या साहेबांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "एवढं कोण वाचतंय, मॅडम?" पंधरा दिवसांनी छपाईआधीचा नमुना सहीसाठी माझ्याकडे आला. वरच्या अर्ध्या भागात मान्यवरांचे चार फोटो. त्यांना जागा करून द्यायला आमच्या तीन ओळी गेल्या होत्या. उरली होती एकच, तीही साहेबांच्या भाषेत: तुटलेले बोट त्वरित बर्फात ठेवा व रुग्णालय गाठा! खाली छापलं होतं, मार्गदर्शन: सिस्टर कुसुमताई.

मैत्री भडकली. "ताई, सही करू नका. हे अर्धवट आहे."

"अगं, एकदा भिंतीवर लागू तर दे," मी म्हणाले. "बाकीचं पुढच्या छपाईत घालू."

मी सही केली. एकवीस वर्षांत माझं नाव कुठेही छापलं गेलं नव्हतं, हे मला तेव्हा मैत्रीला सांगायची लाज वाटली. तिने कचेरीत तीन पत्रं दिली, एकाचंही उत्तर आलं नाही. मी मात्र पोस्टरसमोर उभी राहून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

गेल्या मंगळवारी दुपारी नवनाथ आला. तळवड्याच्या एका वर्कशॉपमधला, बीडकडचा, चोवीस वर्षांचा. उजवा अंगठा कटरमध्ये गेलेला. त्याच्यासोबत त्याच्याच खोलीवर राहणारा ज्योतीराम होता. त्याने स्टीलचा डबा माझ्यापुढे धरला.

"ताई, एक मिनिट वाया घालवलं न्हाई. लगेच बर्फात टाकला."

मी झाकण उघडलं. तुकडा स्वच्छ होता, अगदी जोडण्याजोगा. पण मेणबत्तीसारखा पांढरा आणि कडक झालेला. मी ओरडले नाही. तो बर्फातून काढला, ओल्या कापडात गुंडाळला, पिशवीत घातला, सगळं नियमाप्रमाणे केलं, आणि काही उपयोग नाही हे माहीत असताना नवनाथला पुण्याला पाठवलं.

गाडीत चढताना तो म्हणाला, "बसंल ना ताई? हजेरी बी अंगठ्याचीच हाय आमची."

"बघू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ज्योतीराम नवनाथच्या अपघाताचा दाखला न्यायला आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"न्हाई बसला. मेलेला व्हता म्हनले," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "माझंच चुकलं का वो? ट्राफिक लागंल म्हणून मी आळंदीकडनं गाडी वळवली. त्यातच उशीर झाला का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. आमच्या भागात कुठलंही खापर ट्राफिकवर फोडता येतं. पण हा पोरगा जन्मभर तो रस्ता मनात घेऊन फिरला असता.

"उशीर नाही झाला," मी म्हणाले. "बर्फ थेट लागला. आधी कापडात, मग पिशवीत, मग बर्फात. तू चुकला नाहीस, ज्योतीराम. पोस्टर चुकलंय."

त्याने मोबाईल काढून वर्कशॉपच्या भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो मोठा केला. बोट फिरवत फिरवत तळाशी आला आणि थांबला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तर गावाकडच्या समद्या पोरांना पाठवलंय हे," तो हळू आवाजात म्हणाला. "चाकणला, रांजणगावला, लई जण हायेत. ते समदे असंच करतील, ताई. कारण खाली तुमचं नाव हाय."