भोगीच्या भाजीची काळी कढई

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी काळी आहे, जड आहे आणि एका कानाला जराशी फुटलेलीही आहे. पण मी उत्रोलीतल्या बयाबाईंच्या घरची जुनी बिडाची कढई आहे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. बयाबाईंच्या मालकांनी, म्हणजे रायबांनी, मला भोरच्या बाजारातून आणलं, तेही एसटीत मांडीवर घेऊन. घरी बयाबाईंनी कांदा आणि तेल चोळून चोळून मला चुलीवर तापवलं, तेव्हा कुठे माझ्या अंगाला काही चिकटेनासं झालं.

थंडी पडली की माझे दिवस आलेच. हुलग्याची शेंगोळी, लसणाच्या फोडणीचा पावटा, हरभऱ्याची कोवळी भाजी, सगळं माझ्यातच शिजे. पण माझा खरा मान भोगीचा, संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा. "न खाई भोगी, तो सदा रोगी," असं म्हणत बयाबाई पावटा, ओला हरभरा, वांगं, गाजर, घेवडा, रानातलं जे हाती लागेल ते माझ्यात टाकायच्या. वरून तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. त्या दिवशी आधी सवाष्ण जेवायची, मग घर. शेजारच्या धोंडाबाई आमच्या ठरलेल्या सवाष्ण. त्या बोटं चाटत आणि मी फुगून जाई. खोटं कशाला बोलू?

मग रायबा गेले. वर्षभर घरात सण धरले नाहीत. पुढची भोगी आली, तरी बयाबाईंनी मला हात लावला नाही.

"सवाष्णीचा सैपाक हाय. माजा हात नगं लागाया," असं सुनेला सांगून त्या मागच्या पडवीत जाऊन बसल्या. त्यांना तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनीच मनाशी ठरवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

सून सुलक्षणा गुणी पोर. भाजी तिने मन लावून केली, पण चिंचेचा कोळ जरा सढळ पडला, आणि भाजी माझ्यातच झाकून ती भाकऱ्या थापायला बसली. मित्रांनो, इथे माझाच स्वभाव आडवा आला. आंबट पदार्थ माझ्यात फार वेळ राहिला, की मी त्याला काळा करते आणि लोखंडाची चव देते. झाकण काढलं, तर भाजी शाई ओतल्यासारखी! तेवढ्यात दारात धोंडाबाईंची हाक आली. सुलक्षणाच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्याबाई, लौकर या! भाजी पार काळी पडली. सवाष्ण काय उपाशी धाडायची व्हय?"

सवाष्ण उपाशी गेली, तर घराला केवढा कमीपणा! बयाबाई उठल्या. उरलेल्या भाज्या त्यांनी भराभर चिरल्या, मला घासून चुलीवर ठेवलं आणि तेलात जिरं टाकलं. कूट, गूळ, मीठ पडलं आणि घरभर तोच जुना वास सुटला.

"चिंच शेवटाला घालायची, बाय. आन शिजली की लगीच पातेल्यात काढायची," त्या सुनेला म्हणाल्या.

ताट वाढून बयाबाई पडवीकडे वळल्या. धोंडाबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या.

"ह्यो हात बयेचाच हाय. कुठं निघालीस गं? सुलक्षणे, माज्या शेजारी हिचं ताट मांड. ही बसल्याबिगर म्या जेवणार न्हाई."

"अगं, पर म्या आता..."

"इतकी वरसं मला जेवू घातलंस. भोगीला तुला कुनी वाढलं कवा? बस गप."

आता सवाष्णीचा शब्द कोण मोडणार? बयाबाई बसल्या. पहिला घास घेताना त्यांचे डोळे भरले. मग खाली मान घालून त्यांनी अख्खी भाकरी संपवली आणि हळूच म्हणाल्या, "अजून अर्धी वाढ." सुलक्षणाने अख्खी वाढली. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, मला धुऊन ओली ठेवू नका. पुसून तेलाचा हात फिरवलात, तर तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि एक मागणं आहे. माझं पोट रोज भरतं. पण जी मला भरते, तिचं पोट भरलं का, हे घरात विचारायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे.