खिळ्याने खरवडलेलं कडवं

मी तबकडी बोलतेय. वितभरही नाही माझी रुंदी, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. आधीच सांगून टाकते, माझ्या मागच्या बाजूवर खोल ओरखडा आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म नॅशव्हिलचा, पण मी केंटकीच्या डोंगरातली. डेल्फिया कॉम्ब्स ही शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी पोर, आणि मी तिची पहिलीच तबकडी. स्टुडिओवाल्यांनी पुढच्या बाजूला एक गुळमट प्रेमगीत भरलं. मागे काय आहे याची कुणालाच फिकीर नव्हती. म्हणून तिथे डेल्फियाने आपल्या बापाचं गाणं घातलं.

बाप, होबार्ट, खाणीत छत कोसळून गेला. सोबत आणखी चौघे गेले. कंपनीने लिहून टाकलं, चूक होबार्टची, त्यानेच टेकूचे खांब लावले नाहीत. तेव्हापासून गावातल्या बायका डेल्फियाच्या आईशी, एटाशी, बोलेनात. माझ्या दुसऱ्या कडव्यात एवढंच होतं, की त्याने खांब तीनदा मागितले आणि कंपनीने धाडलेच नाहीत. जेवताना तो हेच तर घरी सांगायचा!

आमच्याकडे नवा गायक आपल्या तबकड्या स्वतःच गाडीत घालून रेडिओकेंद्रांवर पोचवतो. डेल्फियाने मला गावच्या केंद्रावर दिलं. तिथल्या प्रेटरसाहेबांनी मला ऐकलं आणि खिळा उचलला. जे गाणं वाजू द्यायचं नाही त्यावर खिळा ओढायचा, ही तिथली रीत. कंपनीच्या जाहिराती त्यांच्याकडे होत्या ना! पण बाकीचं गाणं त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी नेमकं दुसरं कडवंच खरवडलं, अगदी निगुतीने. इथेच साहेब चुकले.

मला दुखलं. त्याहून जास्त संताप आला.

शनिवारी सकाळी डेल्फिया केंद्रावरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला आली. निवेदक क्लेल, जन्म खाणीत घालवलेला, दम लागणारा म्हातारा.

“क्लेलकाका, मागची बाजू लाव.”

“अगं पोरी, खरवडलीय ती. सुई उडेल.”

“उडू दे. उडाली की उचलून धर, पुढचं मी बघते.”

“आणि साहेबांनी मला घरी बसवलं म्हणजे?”

“तर आईकडे जेवायला ये. घेवडा आणि मक्याचा पाव रोजच असतो.”

म्हातारा खोकत खोकत हसला. त्याने दाराला खुर्ची लावली आणि मला उलटं केलं.

पहिलं कडवं मी ठणठणीत म्हटलं. मग सुई उडाली. क्लेलने ती उचलली. डेल्फिया माईकपाशी सरकली आणि गिटारीशिवाय, बापाचं नाव घेऊन, ते कडवं गायली. काचेपलीकडे प्रेटरसाहेब मुठी आपटत होते. तिचं संपल्यावर क्लेलने सुई ओरखड्याच्या पुढे ठेवली आणि उरलेलं मी पुरं केलं.

दुपारीच क्लेलची नोकरी गेली. कंपनीने आपला कागद आजतागायत बदललेला नाही. पण संध्याकाळी स्लोनबाई एटाच्या दारात आल्या. त्यांचा नवरा त्या चौघांतला.

“माझाही हेच सांगायचा, एटा. खांब मागितलेत म्हणून. मीच मेली गप्प बसले.”

“आत ये,” एटा म्हणाली. “जेवण व्हायचंय.”

आता मी एटाकडे असते; केंद्रातून निघताना क्लेलनेच मला उचलून आणलं. मे महिन्यात कबरी सजवायच्या दिवशी मला टेकडीवर नेतात. फुलं वाहून झाली, चादरी अंथरून जेवणं झाली, की मला होबार्टच्या दगडाशेजारी लावतात. ओरखडा आला की क्लेल सुई उचलतो आणि सगळी टेकडी ते कडवं गाते. स्लोनबाईंचा आवाज सर्वांत मोठा.

कुणीतरी म्हणालं, आता नवी कोरी तबकडी आणा. खबरदार! कोरी आणलीत तर ते कडवं एकटी डेल्फिया म्हणेल आणि तुम्ही नुसते ऐकत बसाल. मला आहे तशीच राहू द्या. आणि मी थांबले, की तुम्ही तोंड उघडा.