घासूनपुसून आलेली बाई

मित्रांनो, मी एक जुना भिंगाचा दिवा आहे. एक गोल काच, तिच्याभोवती प्रकाशाची कडी आणि कुरकुरणारी मान, एवढाच माझा संसार. कारखान्यात काच घासली जात होती तेव्हा वाटले, आपण घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे जाणार. आलो मात्र कातडीच्या रोगांवर संशोधन होते त्या खोलीत.

इथे सोरायसिसचे रोगी येतात. या रोगात जंतूंशी लढणारी शरीराची राखणच बिथरते. कातडी भराभर वाढते, लाल होते आणि तिच्यावरून पांढरे खवले गळतात. डॉक्टरीणबाई मला खाली ओढून लाली, जाडी आणि खवले यांना गुण देतात. पूर्वी त्या म्हणायच्या, हा दिवा नसता तर आपण आंधळेच. आता कोपऱ्यात नवा कॅमेरा आला आहे आणि माझ्या मानेवर धूळ बसते. तरी गुण देताना त्यांना मीच लागतो.

मध्यंतरी एक शिवणकाम करणारी बाई नणंदेसोबत आली. तिच्या अंगावर खवले होते आणि हातांचे तळवे चिरलेले होते. पांढऱ्या कापडाला रक्त लागायचे, म्हणून गिऱ्हाइके तुटली होती. सगळी औषधे करून ती थकली होती. इथे एका नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती आणि एकच जागा उरली होती. ती जागा म्हणजे तिची शेवटची आशा. आजाराचे गुण ठरावीक आकड्याइतके भरले तरच ती मिळणार होती, म्हणून गुण मोजायला तिला पुढची तारीख मिळाली. पण बाहेर बाकावर तिचे खवले पडलेले पाहून शेजारचा माणूस उठून लांब जाऊन बसला होता. ते नणंदेच्या जिव्हारी लागले.

ठरल्या दिवशी बाई आली. मी वाकून पाहिले, तर खवले गायब, जाडी उतरलेली, नुसती लाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा पाहिले. गुण थोडेसेच, पण कमी भरले.

नणंद कौतुकाने म्हणाली, "चार दिवस कोमट पाण्यात बसवून घासलं, तेल जिरवलं. म्हटलं, कुणी नाक मुरडायला नको."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "औषध लावू नका, एवढंच सांगितलं मी. अंघोळीचं सांगायचं राहून गेलं."

आजचेच गुण धरायचे होते आणि चाचणीतली भरती आजच बंद होणार होती. खोटे गुण लिहिले असते तर सगळे संशोधनच खोटे पडले असते. त्यांनी ते लिहिले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

बाईने हळूच विचारले, "म्हणजे माझा आजार कमी पडला का?"

नणंद हुंदके देत म्हणाली, "वहिनी, मीच केलं हो हे." वहिनीने तिचा हात धरला, पण तळव्याची भेग उकलली आणि तिने तो सोडला. मला सगळे दिसते, मित्रांनो, बोलता काहीच येत नाही. असे डोळे काय कामाचे?

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, डॉक्टरकडे जाताना आजार घरी ठेवून जाऊ नका. आणि बाकावर शेजारच्याचे खवले गळताना दिसले, तर उठू नका. हा रोग शेजारी बसल्याने होत नाही. तो माणूस त्या दिवशी नुसता बसून राहिला असता, तर ती जागा तिला मिळाली असती.