गिरदावर आणि शार्क

शार्क आभाळातून थेट पोलीस ठाण्याच्या छपरावर आदळला, तेव्हा नागोरावांनी गळ्यातला टॉवेल तोंडात कोंबला. हसू काही केल्या आवरेना. टीव्हीवर घातलेली चादर त्यांनी एकाच बाजूने वर खोचली होती. आवाज बंद होता, दाराला आतून कडी होती. बायकोला, ताराबाईंना जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

चादर घातली होती मुलाने, नागसेनने. तो मंचेरियलला शिक्षक. "पुण्यानुमोदन होईस्तोवर टीव्ही लावू नका, बाबा. लोकं येऊन राह्यले," एवढंच तो म्हणाला होता. आज तो बायकोला घेऊन रविवारच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचं सामान आणायला बाजारात गेला आणि मावला गावातल्या त्या दोन खोल्यांत नागोराव पहिल्यांदाच एकटे उरले. रिमोट उचलला तो नुसता हाताच्या सवयीने. तेलुगू चॅनेलवर नेमका तोच सिनेमा लागलेला.

सिनेमा म्हणजे शुद्ध गाढवपणा होता. परग्रहावरून हिरवी माणसं येतात आणि समुद्रातल्या शार्कना उडायला शिकवतात, एवढीच गोष्ट. हिरव्या म्होरक्याच्या पाठीवरची चेन स्वच्छ दिसायची. शार्कचं तर प्लास्टिकचं एकच डोकं होतं, आणि ते दरवेळी डावीकडूनच यायचं. पण चॅनेलवाले तो पुन्हा पुन्हा दाखवत आणि हे नवरा-बायको पुन्हा पुन्हा बघत. कारण ताराबाई आवाज बंद करून सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायच्या.

नागोरावांची हयात तहसील कचेरीत फायली बांधण्यात गेली, त्यामुळे ताराबाईंनी हिरव्या म्होरक्याला शेतांचे पंचनामे करत फिरणारा गिरदावर करून टाकलं होतं. आणि शार्क म्हणजे पाहुणचार करणारी घरधनीण. "काऊन जी गिरदावरसाहेब, पंचनाम्याले आले का? जेवल्याबिगर कुटी चालले? बसा ना जी!" असं लाडाने म्हणायचं, आणि पुढच्या क्षणी गिरदावराचा पाय गट्टम.

आजही शार्कने जबडा उघडला आणि नागोरावांच्या कानात तिचाच आवाज घुमला. बसा ना जी! तोंडातला टॉवेल सुटला. ते खदखदून हसले, पोट धरून हसले, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागेपर्यंत हसले.

"भाऊजी! ओ भाऊजी! दार उघडा!"

नागोराव धडपडत उठले. शेजारच्या जयवंताबाई. मयताच्या घरात चूल पेटत नाही म्हणून दोन्ही वेळची भाकरी त्याच आणत होत्या. रिमोट खाटेखाली घसरला होता, तो काही सापडेना. त्यांनी घाईने चादर खाली ओढली आणि कडी काढली. दारात डबा घेऊन जयवंताबाई, मागे त्यांची सून मयूरी.

नागोरावांचे लाल डोळे आणि भिजलेले गाल पाहून जयवंताबाईंचा जीव भांड्यात पडला.

"रडा, भाऊजी. रडून घ्या. मातीच्या दिवशीबी तुमी थेंब नाई काढला. लोकं म्हणून राह्यले होते, मानूस हाय का दगड! मले तं लय भेव वाटे तुमचं." मग त्या मयूरीकडे वळल्या. "जाय वो, सामनेच्या यशवंतरावांले सांगून ये. रडले म्हना एकदाचे."

मयूरी पळालीसुद्धा. नागोरावांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बायकोला निरोप देताना जे डोळे कोरडे राहिले, ते प्लास्टिकच्या माशापुढे वाहिले, आणि आता त्याचं कौतुक सगळ्या गल्लीत होणार होतं. जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी माणसाला. रविवारी तिच्या फोटोपुढे मेणबत्ती कोणत्या तोंडाने लावायची?

जयवंताबाई भिंतीला टेकून बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "माही तारी गेली वो," म्हणून त्या खरंखुरं रडू लागल्या. ते मात्र नागोरावांना बघवेना.

"वयनी, मी रडून नवतो राह्यलो."

"मंग?"

"हासून राह्यलो होतो."

त्यांनी चादर बाजूला केली. पडद्यावर गिरदावर एका पायाने लंगडत समुद्राकडे पळत होता. जयवंताबाई पाहत राहिल्या. नागोराव खाली मान घालून उभे होते, शिव्या खायच्या तयारीने.

"हा तिचा गिरदावर का?" जयवंताबाईंनी विचारलं.

"तुमाले मालूम हाय?"

"बोरिंगवर पानी भरता भरता सांगे ना ती. अशे अशे आवाज काढे, का हांडा हातातून सुटे माह्या." त्यांनी नाक पुसलं. "उभे काऊन राह्यले? बसा. काय म्हणून राह्यला तो?"

नागोराव बसले. आधी पुटपुटत, मग जरा मोकळ्या आवाजात ते गिरदावराचे संवाद म्हणू लागले. शार्कचेही म्हटले. जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

शेवटी समुद्र शांत झाला. गिरदावर आपल्या यानात बसून निघून गेला. एकटा उरलेला शार्क पाण्यातून वर आला, त्याने आभाळाकडे पाहिलं आणि जबडा उघडला. नागोराव थांबले.

"आता काय म्हन्ते?" जयवंताबाईंनी विचारलं.

"आता... इथं ती चहा मांडाले उठे, वयनी. शेवट तिनं कदी पाह्यलाच नाई."

शार्कचा जबडा उघडत होता, मिटत होता. बाहेर ओट्यावर यशवंतरावांचं खाकरणं ऐकू आलं, मागे आणखी चपला वाजल्या. धीर द्यायला माणसं जमत होती. नागोरावांनी चादर ओढली नाही. त्यांनी फक्त मान वळवली आणि आतल्या खोलीतल्या थंड चुलीकडे पाहत, भांडं वाजायची वाट बघत बसून राहिले.