डमरूसारखे गठ्ठे

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साड्यांचे गठ्ठे मध्ये सुतळीने आवळत, म्हणून ते डमरूसारखे दिसत. गठ्ठे वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारच्या, मोजणीच्या सेन्सरचा किरण मधल्या खाचेतून पार जाई आणि एकच गठ्ठा दोनदा मोजला जाई. प्रत्यक्षात माल कमी भरला, तसा शेठने गठ्ठे बांधणाऱ्या बायकांवर चोरीचा आळ घेतला. सुटीच्या वेळी रंभाबाईच्या डब्यात उरलेली भाजीसुद्धा त्याने बोटांनी ढवळून पाहिली.

वायरमन गजेंद्रने पट्ट्यावर आवाजाने अंतर मापणारा सेन्सर टांगला. “याला खाचेतही गठ्ठाच सापडतो, शेठ.”

मोजणी जुळली.

“सरस,” शेठ म्हणाला. “पण झडती चालूच राहील. धाक बरा असतो.”

संध्याकाळी त्याने पुन्हा भाजीत बोट घातलं. रंभाबाईने डबा त्याच्याच हातात ठेवला. “आता तुम्हीच खा. असल्या हाताचं आमच्यात कुणी खात नाही.”