गाळ धरणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, पण निखारे धरणाऱ्यांतला नव्हे हं! माझं अंग बांबूचं, पाय फणसाच्या ठोकळ्यात रोवलेला. काम एकच, मासे पकडायचा गळ घट्ट धरून ठेवायचा. त्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात. ती पाण्यात पडली की माशाला खराच किडा वाटतो. मी दिसतो साधा, पण एकदा धरलं की सोडत नाही!

माझा जन्म बंगळुरातल्या शिवाजीनगरचा, एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा. मला घडवलं ज्योतिबाअप्पांनी. निपाणीकडून येऊन त्यांनी इथं शिलाईचं दुकान चालवलं. दर उन्हाळ्यात ते कावेरीवर जायचे, आणि माशी स्वतः बांधलेलीच न्यायचे. डाव्या चिमटीत गळ धरायचा, उजव्या हातानं दोरा फिरवायचा. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला.

त्यांचा मुलगा वासुदेव म्हणाला, "अप्पा, मी तयार माशा विकत आणतो. तुम्ही आराम करा."

"हात गेलाय रे, मी नाही गेलो!" अप्पा कडाडले. "दुसऱ्यानं बांधलेली माशी घेऊन मी नदीवर पाय ठेवणार नाही."

आता बोला! नदीवर जायचं तर माशी बांधायला हवी, आणि बांधायची तर गळ धरणारं कुणीतरी हवं.

एके सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. सुनंदा पुण्याची, नुकतीच लग्न होऊन आलेली. "सुनंदा, गाळ धरायला कायतरी बघ की गं. स्वल्प घट्ट पायजे."

तिनं स्वयंपाकघरातल्या नळाला मलमलचं फडकं आवळून बांधलं आणि सांगायला आली, "अप्पा, आता गाळाचा कणसुद्धा येणार नाही."

अप्पा पोट धरून हसले. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. "अगं, कानडीत गळाला गाळ म्हणतात! तोंडात तेच बसलंय माझ्या."

"मग आधी नाही का सांगायचं? अख्खी सकाळ नळाशी झटापट केली मी!" म्हणत तीही हसली, आणि गल्लीतल्या बांधकामावरून बांबूचा तुकडा मागून घेऊन आली. तो मी.

अप्पांनी मला पायाखाली दाबून टोकाला चीर पाडली. ती थेट बुडापर्यंत गेली. माझ्या दोन फाका झाल्या!

"झालं? आता तरी ऐका," वासुदेव म्हणाला.

ऐकतील तर ते अप्पा कसले! त्यांनी त्याच दोन फाका एकीवर एक ठेवल्या. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं फाकांत अडकवलं, आणि दोरा ताणून धरत, फाका मुठीत फिरवत फिरवत गजाकडं सरकत गेले. असा माझ्या कमरेला वेढा बसला. गाठ दातांनी ओढली. मग मागच्या फटीत चिंचेच्या लाकडाची पाचर ठोकली, आणि माझं पुढचं तोंड गच्च मिटलं. लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, माझं तर कामच पाचरीवर चालतं!

मग मला फणसाच्या ठोकळ्यात रोवून माझ्या तोंडात गळ दिला. कोंबड्याचं पीस अप्पांनी दातांत धरलं आणि उजव्या हातानं दोरा गुंडाळायला घेतला. पीस निसटलं. दोरा तुटला. सुनंदाचे हात नुसते शिवशिवत होते, पण तिनं मध्ये हात घातला नाही. शहाणी बाई! मीही गळ सोडला नाही. संध्याकाळी माशी तयार झाली, वाकडी आणि एका अंगाला फुगलेली. अप्पांनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले.

रविवारी वासुदेव त्यांना नदीवर घेऊन गेला. अप्पा परतले ते दारातूनच ओरडत, "सुनंदा! मासा माशी घेऊन पळाला गं! दोर तुटला, माझी गाठ नाही सुटली!"

हातचा मासा गेला म्हणून वासुदेवचं तोंड उतरलं होतं. अप्पांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "सरी, असू दे. चिमटा कुठाय? दुसरी बांधायला पायजे."

पुढं अप्पा देवाघरी गेले आणि मी माळ्यावर पडलो. मला भुंगा लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तर मित्रांनो, जुन्या वस्तूला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. पण घरात कुणाचा हात थकला असेल, तर आधी तिकडं बघा. त्याचं काम हिसकावून घेऊ नका. तुम्ही गळ तेवढा घट्ट धरा. माशी त्याची त्याला बांधू द्या.